हवा

शुक्रवारी पहाटे तीनला रुवीतून निघालो.
मुश्ताकच्या पिकअपमध्ये चार सायकली
एकमेकींवर पाय टाकून झोपलेल्या.
वृंदा रात्रपाळीवरून थेट आलेली,
खिशात राहिलेला थर्मामीटर
तिला समाईलच्या चढावर सापडला.
एडविनकडे चटणी-सँडविचचा डबा
आणि एक यादी : किती किलोमीटर, किती पाणी, कुठं सावली.
सावलीच्या रकान्यात एकच नोंद होती.

बिरकत अल मौजला उजाडलं.
केळीच्या बागा, त्यांच्यामागे पडक्या मातीच्या भिंती,
आणि वर डोंगर.
डोंगराला इथं कातडी नसते,
नुसती हाडं.
सुरुवातीला बोलत होतो आम्ही :
घरभाडं, व्हिसा, शाळेच्या फिया,
कोणाला कंपनीनं पत्र दिलं, कोणाला देणार आहे.
विसाव्या किलोमीटरनंतर
चार साखळ्या तेवढ्या बोलत राहिल्या.
रस्त्यात एक बकरी उभी होती,
तिनं आम्हाला जाऊ दिलं.

मग माझं मागचं चाक बसलं.
बाभळीचा काटा.
मुश्ताक म्हणाला, आमच्या हर्णैला असाच असतो अगदी.
एडविन म्हणाला, काट्याला व्हिसा लागत नाही.

भोक काही दिसेना.
कडेनं फलज वाहत होता,
डोंगराच्या पोटातून आणलेलं पाटाचं पाणी, वीतभर रुंद.
ट्यूब त्यात बुडवणार, इतक्यात
खजुरीआडून एक काठी हलली.
इथं नाही. खाली.
आधी प्यायचं पाणी, मग मशिदीचं,
मग आंघोळीचं, मग झाडांचं.
माझ्या ट्यूबचा नंबर आंघोळीनंतरचा.

म्हातारा आमच्यासोबत खाली आला.
खल्फान त्याचं नाव.
ट्यूब त्यानंच हातात घेतली, पाण्यात फिरवली,
कानाशी नेली, पुन्हा बुडवली,
आणि एक बारीक बुडबुड्यांची माळ वर आली.
बोटानं भोक दाबून तो हसला,
जणू चोर सापडला.

कहवा आला, खजूर आले,
नातू अझ्झान आला मोबाइल बघत.
मुश्ताकच्या मोडक्या अरबीतून आम्हाला कळलं ते इतकं :
चौदा वर्षांचा होईतो झांझिबार.
लवंगांच्या गोदामातून बंदरावर चिठ्ठ्या पोचवायच्या.
सायकलवरून.
मग एका रात्री जहाज,
सायकल धक्क्यावरच राहिली
भिंतीला टेकवून.

एवढं बोलून तो उठला,
दिशदाशा गुडघ्यांवर खोचली,
आणि माझी सायकल घेऊन गेला.

गेला म्हणजे गेलाच.
वळणापर्यंत डुगडुगत, वळणानंतर दिसेना.
अझ्झान चपला सोडून मागं धावला,
अर्ध्यातून परतला. म्हणाला,
आजोबांना येते, हे घरात कोणालाच माहीत नाही.
वृंदा मनात खुब्याची हाडं मोजत होती.
एडविननं यादीची घडी केली, उघडली, घडी केली.
कहवा निवला.
मला सायकलीची काळजी वाटली, खोटं का बोला,
तीन हप्ते बाकी होते.

आधी घंटी ऐकू आली.
नुसती घंटी, विनाकारण, पुन्हा पुन्हा,
पोरं वाजवतात तशी.
मग तो. एक हात सुटा,
डोक्यावरची टोपी मागं सरकलेली,
तोंड मिटलेलं.
उतरला. धापा टाकल्या.
अझ्झानकडे पाहिलंही नाही.
मागच्या टायरवर अंगठा रोवला
आणि मला म्हणाला : हवा कमी आहे.

परतीला समोरून वारा होता,
उरलेले बावीस किलोमीटर आम्ही
मान खाली घालून ढकलले.
पिकअपमध्ये वृंदा झोपली, एडविन घोरला,
मुश्ताक एकदाच म्हणाला,
भिंतीला टेकवून, म्हणाला ना तो?
मी म्हटलं, हो.

रात्री बायकोचा फोन आला चिपळूणहून.
तिला किलोमीटर सांगितले, त्रेसष्ट,
ऊन किती होतं ते सांगितलं,
सँडविच खारट झालं होतं हेही.
म्हाताऱ्याचं राहिलं.
किंवा ठेवलं.

फोन ठेवून खाली गेलो.
जिन्याखाली सायकल उभी होती,
चाकांच्या खाचांत तिकडची तांबूस धूळ.
अंगठ्यानं टायर दाबून पाहिला.